खांबाला हात लावून

दत्ता,

आज सकाळी पुन्हा माझे आकडे चुकले. आखाड्यात एक जण मल्लखांबावर चढला होता, मी खाली उभा राहून मोजत होतो. सातपर्यंत आलो आणि सांताक्रूझला उतरणारं विमान डोक्यावरून गेलं. मी वर बघत राहिलो. शेवटी कुणीतरी ओरडलं, "आप्पा, आठ म्हणा ना!" तेव्हा कुठे ध्यानात आलं, की वरचा गडी दम कोंडून माझ्या आठाची वाट बघतोय. त्याचं तोंड लालबुंद झालं होतं. मी आठ, नऊ, दहा घाईघाईने म्हणून टाकले, त्याला खाली घेतला आणि वर त्याच्यावरच खेकसलो.

तुला जाऊन सव्वा महिना झाला. तुझ्या विमानाचं काय झालं ते हवाई दलाच्या पत्रात तीन ओळींत आलं. सरावाचं उड्डाण, अपघात, अतीव दुःख. तुझ्या आईने ते पत्र माझ्याकडून चार वेळा वाचून घेतलं. प्रत्येक वेळी मी त्यात एकच गोष्ट शोधत होतो. विमान वळत होतं का? किती जोरात वळत होतं? ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. आईला वाटलं, मास्तरांना दुःख आवरत नाहीये. ते होतंच, पण त्याहून मोठी भीती वाटत होती आणि ती मी तिला सांगितली नाही. कुणालाच सांगितली नाही. तुला सांगतो, कारण खांबाजवळ जे बोलणं झालं ते आपल्या दोघांतच झालं.

आखाड्याचा नियम तुला पाठ आहे. तरी मांडून बघतो, कारण हल्ली मी तोच उलटसुलट करून बघत असतो. खांबाला हात लावून नमस्कार करायचा आणि चढायचं. मी 'धर' म्हणालो की पोट आवळून दम कोंडायचा. मग मी मोजणार. 'टाक' हा शब्द मी एकदाच म्हणणार, तोही पाय मातीला लागल्यावर. पाय मातीला लागल्याशिवाय दम टाकायचा नाही. माझ्या गुरूंनी मला असंच शिकवलं, मी अंधेरीतल्या दोन पिढ्यांना तसंच शिकवलं. शाळेत मी नुसता ड्रिल मास्तर, बेल झाली की मुलं मला विसरतात. पण देवळामागच्या त्या चौकोनी मातीत माझा शब्द चालतो. चालत होता, असं म्हणू या.

तू नऊ वर्षांचा होतास. तुझ्या आईने तुला ओढत आणलं आणि माझ्यासमोर उभं केलं. पहिल्याच दिवशी एरंडेल चोळलेल्या खांबाच्या वासाने तू माझ्या धोतरावर ओकलास. दुसऱ्या दिवशी येणार नाहीस असं वाटलं, तर पहाटे सगळ्यांच्या आधी हजर. दहाव्या वर्षी तू बोंडावर, म्हणजे खांबाच्या अगदी टोकावर, एका पायाने उभा राहिलास. एकच खंत होती मला, तुझ्या उंचीची. सोळाव्या वर्षी वाढ थांबली ती थांबलीच. सगळे तुला बुटक्या म्हणायचे. मी तोंडदेखलं त्यांना रागवायचो आणि मनात म्हणायचो, हवाई दलात घेतील का रे याला?

घेतलं. आणि पहिल्या सुट्टीत आलास तो छाती काढूनच. "आप्पा, तिथला डॉक्टर माझी उंची बघून खूश झाला! म्हणाला, काळीज आणि डोळे जितके जवळजवळ, तितकं बरं. उंच माणसाच्या डोक्यापर्यंत रक्त चढवताना काळजाची वाट लागते." मी म्हणालो, "काय वेड्यासारखं बोलतोस? रक्त काय जिना चढतं?" तेव्हा तू मला मातीत बसवलंस आणि काडीने रेघा ओढून समजावू लागलास. शिष्य मास्तर झाला आणि मास्तर मुकाट्याने ऐकत बसला. मला ते फार आवडलं होतं. तेव्हा बोललो नाही, आता बोलतो.

जेट विमान जोरात वळवलं की अंगाचं वजन चौपट-पाचपट होतं, असं तू सांगितलंस. मांडीवरचा हात उचलत नाही. गाल खाली ओघळतात, तोंडावरचा प्राणवायूचा मुखवटा नाकावरून सरकायला लागतो. आणि रक्तही तितकंच जड होतं, ते डोक्यातून निघून पायांकडे धावतं. आधी रंग जातात, सगळं राखाडी दिसायला लागतं. मग कडेकडेचं दिसेनासं होतं, नळीतून बघतोय असं वाटतं. मग मिट्ट काळोख. "पण आप्पा, गंमत अशी, की माणूस जागा असतो. डोळे आधी जातात, कान नंतर. रेडिओवरचं बोलणं चक्क ऐकू येतं." त्याच्यापुढे गेलं की मग शुद्धच जाते. जागा होतो तेव्हा आपण कुठे आहोत तेच कळत नाही, हात आपोआप उडत असतात, आणि विमान तोवर आपल्यासाठी थांबलेलं नसतं.

मी विचारलं, "मग इतकी वर्षं मी तुम्हाला खांबाला उलटं टांगलं, त्याचा काही उपयोग?" तू इतका हसलास, की तुला ठसका लागला. "उलटं टांगल्यावर रक्त डोक्यात येतं, आप्पा! आमचं जातं!" मी जरा चिडलो. मग माझी समजूत घालायला म्हणालास, "पोट आवळायचं, मांड्या दाबायच्या, ते सगळं तुमचंच कामाला येतं. वळण घेतलं की पायांत घातलेल्या चोळण्यात आपोआप हवा भरते, तो पोटऱ्या आवळतो. पण बाकीचं अंगानेच करावं लागतं. काळोख झाला ना, की मला तुमचे आकडे ऐकू येतात." ते ऐकून मी दिवसभर हवेत होतो. घरी सुमतीला मी हे तीनदा सांगितलं. चौथ्यांदा सांगायला लागलो तर म्हणाली, "अहो, ऐकलं मी. तुमचे आकडे आकाशात पोचले."

आता ते आकडेच मला नकोसे झालेत.

तुझ्या अंगावरच्या ठिपक्यांचं आठवतं का? दंडांवर आणि पाठीवर बारीक लाल ठिपके उठले होते. तुझी आई घाबरली. "रे देवा, ह्यां काय अंगार उठलाहा? पित्त असतला. थांब, सोलां भिजत घालतंय." आणि एवढा मोठा वैमानिक उघडा होऊन पाटावर बसला, आईने कोकमाचं पाणी पाठभर चोळलं. मी दारातच उभा होतो. तू माझ्याकडे बघून डोळा मारलास. नंतर म्हणालास, जोराच्या वळणात रक्ताच्या बारीक वाहिन्या फुटतात, त्याचे ते ठिपके, दोन दिवसांत जातात. "आईला सांगू नका हां, आप्पा. ते पित्तच आहे." ते तिला अजून पित्तच वाटतं. परवासुद्धा म्हणाली, त्याला तिथलं जेवण बाधायचं.

आता ती शेवटची सुट्टी. मी तिच्याभोवती घुटमळतोय, तुला कळलंच असेल.

रविवार होता, आखाडा भरलेला. सगळ्यांनी हट्ट धरला म्हणून तू खांबावर चढलास. मी 'धर' म्हणालो आणि मोजायला लागलो. तीनवर आलो तर वरून आवाज आला, "हक्!" तू दम टाकला होतास आणि लगेच पुन्हा घेऊन कोंडला होतास. सहावर पुन्हा, "हक्!" सगळे हसायला लागले. मला वाटलं, तू माझी टिंगल करतोयस. मी ओरडलो, "खाली उतर! माझ्या आखाड्यात भुंकायचं नाही!"

तू उतरलास, अगदी शांतपणे. म्हणालास, "आप्पा, टिंगल नाही. डॉक्टर असंच सांगतो. सलग कोंडून ठेवला तर छाती घट्ट होते, काळजाकडे रक्त परतत नाही, मग डोक्याकडे जाणार कुठून? दर तीन आकड्यांनी टाकायचा आणि लगेच घ्यायचा. तुमचा 'टाक' फक्त थोडा आधी म्हणायचा. बस्स."

थोडा आधी! पंचवीस माणसांसमोर तू मला सांगत होतास, की माझा नियम चुकीचा आहे. मी काय करायला हवं होतं ते आता मला दिवसातून दहा वेळा सुचतं. तेव्हा सुचलं ते एकच. मी म्हणालो, "तुझा तो डॉक्टर कधी खांबावर चढलाय का? वर तो येणार नाही तुझ्या मदतीला. माझा दम येईल. खांबाला हात लावून सांग, पाय मातीला लागल्याशिवाय दम टाकणार नाही."

तू माझ्याकडे बघितलंस. तुझ्या डोळ्यांत राग नव्हता, त्याचंच मला अजून वाईट वाटतं. तू खांबाला हात लावलास आणि म्हणालास, "नाही टाकणार, आप्पा."

खांबाला हात लावून तू कधी खोटं बोलला नव्हतास. बारा वर्षांचा असताना गणपतीच्या ताटातले मोदक तू खाल्लेस, ते खांबाला हात लावायला सांगितल्यावरच कबूल केलंस.

नंतर तुझं एक पत्र आलं. "आप्पा, राग गेला का? खांबाला माझा नमस्कार सांगा." मी उत्तर पाठवलं नाही. राग केव्हाच गेला होता. पण गेला हे लिहून कळवायचं म्हणजे कमीपणा, अशी काहीतरी अक्कल तेव्हा माझ्या डोक्यात होती. ते पत्र एरंडेलाच्या बाटलीखाली ठेवलं होतं, त्यावर तेलाचा गोल डाग पडलाय. मग तार आली.

तार आल्यापासून मी एका जागी बसलेलो नाही. शाळा सुटली की चालत सुटतो. साकीनाक्यापर्यंत जातो, कारखान्यांच्या खडखडाटात जरा बरं वाटतं, मग परत फिरतो. एकदा बस पकडून आरे कॉलनीत गेलो, तिथे फारच शांत होतं, लगेच पुढच्या बसने घरी आलो. चालताना मी दम कोंडतो आणि मोजतो. दहा आकड्यांत एक विमान किती वळत असेल?

एकदा नाक्यावरच्या डॉक्टरांकडे गेलो. आखाड्याच्या निमित्ताने विचारतोय असं दाखवलं. पोट आवळून दम बराच वेळ कोंडला तर काय होतं? डॉक्टर सहज म्हणाले, "चक्कर येते. म्हातारी माणसं शौचाला जोर करताना पडतात ना, त्यातली बरीच त्यामुळेच. छातीत रक्त परतायला वाट राहत नाही, मास्तर." आणि पुढच्या रोग्याला हाक मारली. मी कंपाउंडरसमोर उभाच राहिलो. तू काडीने मातीत हेच काढून दाखवलं असतंस, तुला बोलू दिलं असतं तर.

त्या दुपारी घरी खुर्चीत बसलो, पाय जमिनीवर रोवले, पोट आवळलं आणि दम कोंडून मोजायला लागलो. मला बघायचं होतं, की मी तुला नेमकं काय करायला लावलं. आठपर्यंत खोलीतलं कॅलेंडर दिसत होतं. मग त्याचे रंग गेले. खोटं नाही सांगत, रंग गेले. जाग आली तेव्हा सुमती तोंडावर पाणी मारत होती. "वय काय तुमचं? करताय काय हे?" तिला सगळं सांगावं असं वाटलं. सांगितलं इतकंच, की दत्ता बरोबर होता. ती म्हणाली, "कशात?" मी म्हणालो, "सगळ्यातच." पुढे तिने विचारलं नाही, लिंबाचं सरबत करून दिलं.

तेव्हापासून माझ्या डोळ्यांपुढे एकच येतं. तू वळणात आहेस, डोळ्यांपुढे काळोख झालाय, कान तेवढे जागे आहेत. आणि कानांत माझा आवाज आहे, 'धर'. दम टाकला तर वाचशील हे तुला माहीत आहे आणि तू शपथेला जागतोयस. माझ्या मूर्खपणाच्या शपथेला.

गेल्या रविवारी तुझा हरबन्स आला. तुझ्या तळावरचा, तुझं सामान घेऊन. तुझी आई त्याला थेट आखाड्यातच घेऊन आली. "मास्तरांनू, ह्यो दत्ताचो सोबती. ह्येका तुमकाच भेटूचा होता." चांगला सहा फुटांच्या वरचा सरदार, खांबाच्या टोकाशी बोलावं लागेल असा. त्याने वाकून माझ्या पायांना हात लावला. मी त्याला बाकावर बसवलं. तुझी आई देवळात गेली, तेवढ्यात मी विचारलंच. त्या दिवशी वळण होतं का?

"नहीं मास्टरजी," तो म्हणाला. "सीधा उतर रहा था. इंजन बंद हो गया. ऊँचाई थी ही नहीं."

मी मान हलवली, पण माझा विश्वास बसला नाही. म्हाताऱ्याची समजूत घालायला असंच सांगतात. सरळ उतरत होता, काही कळलं नाही त्याला, त्रास झाला नाही. मीसुद्धा तुझ्या आईला असंच सांगितलंय. मी त्याला म्हणालो, खरं सांग, माझ्यासाठी खोटं बोलू नकोस. तो गोंधळला. त्याला माझी भीती माहीतच नव्हती, तो कशाला खोटं बोलणार? पण एवढा विचार करण्याइतकं माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.

मग तो तुझ्याबद्दल बोलायला लागला. म्हणाला, सुरुवातीला प्रत्येक जोराच्या वळणात त्याला अंधारी यायची. उंची नडत होती. त्याने हाय खाल्ली होती, आता उडणं बंद करतील म्हणून. "फिर दत्ता ने सिखाया. मुझे स्टूल पे बिठाया, कहा टाँगें दबा, पेट कस." आणि दाखवायलाच त्याने बाकावर पाय रोवले, मांड्या ताठ केल्या, गळ्याच्या शिरा फुगवल्या, आणि मोजायला लागला. मराठीत मोजायला लागला, दत्ता! "एक... दोन... तीन... टाक!" हक्कन् दम टाकला, घेतला, पुन्हा पोट आवळलं. "एक... दोन... तीन... टाक!"

मी बाकाची कड घट्ट धरली.

त्याने सांगितलं, तळावरचे सगळेच आता असं मोजतात. मद्रासचा एक आहे, बंगालचा एक आहे, सगळ्यांचं एक दोन तीन टाक. रेडिओचं बटण चुकून दाबलेलं राहिलं, की सगळ्यांना ऐकू येतं. त्याने विचारलं, "मास्टरजी, ये 'टाक' होता क्या है? हम समझे अंग्रेज़ी का लफ़्ज़ है. दत्ता से पूछा तो बोला, मेरे मास्टरजी का लफ़्ज़ है. वो ज़मीन पे बोलते हैं, हमें ज़रा पहले बोलना पड़ता है."

किती दिवसांपासून शिकवत होता हे तुम्हाला, मी विचारलं. तो म्हणाला, गेल्या सुट्टीवरून आला तेव्हापासून. आल्या दिवशीच मला स्टुलावर बसवलं.

म्हणजे खांबाला हात लावून तू आयुष्यात एकदाच खोटं बोललास, तेही माझ्या तोंडावर, माझी लाज राखायला. गाडीतून उतरलास आणि लगेच शपथ मोडलीस, एकट्याने मोडून समाधान नाही झालं म्हणून अख्ख्या तळाला मोडायला लावलीस. आणि वर नाव माझं दिलंस. चोर कुठला. मोदकांच्या वेळी दोन छड्या दिल्या होत्या, यासाठी किती द्यायच्या ते मला अजून ठरवता येत नाही.

हरबन्स अजून माझ्या तोंडाकडे बघत होता, 'टाक' म्हणजे काय ते ऐकायला. मी म्हणालो, "छोड़ दो." तो हसला, "बस, इतना ही?" मी म्हणालो, इतकंच. तीस वर्षं मी ते सगळ्यात शेवटी म्हणत आलो.

तो गेल्यावर मी खांबाजवळ गेलो. आखाडा रिकामा होता. सुमती देवळातून तुझ्या आईला घेऊन येत होती, ती लांब थांबली. मी खांबाला हात लावला आणि तुला मोठ्याने सांगितलं, की शपथ मोडलीस ते बरं केलंस. माझा नियम चुकीचा होता. म्हणालो, उद्यापासून इथे तीनावर 'टाक'. तरी सवयीने आज सकाळी पुन्हा सातवर गेलो ते सोड, एक मिनिटात तीस वर्षं जात नाहीत. वरच्या गड्याची उद्या माफी मागेन. आणि तुझ्या पत्राचं उत्तर, राग गेला.

त्या रविवारी एवढं बोलून झाल्यावर मी पोट सैल सोडलं. तार आल्यापासून ते आवळलेलंच होतं हे मला तेव्हा कळलं. तिथेच खांबाला टेकून मी मातीत बसलो आणि हक्कन् आवाज आला, एकदा, मग पुन्हा, मग थांबेचना. सुमती धावत आली. ती सगळ्यांना सांगते, हे रडले. मी म्हणतो, दम टाकला. यावर माझ्याशी भांडायला तू हवा होतास रे.

तुझा,
आप्पा